कल्हई

बिडकीनला वसतिगृहात असताना वर्षातून दोनदा स्वयंपाकघरामागच्या लिंबाखाली कल्हईवाला भट्टी पेटवी. भात्याच्या फुंकरीने पितळी पातेले तापले की तो आत नवसागराची पूड टाकी; पांढरा धूर उठे. मग कथील लावून तो कापसाच्या बोळ्याने भराभर फिरवी आणि काळवंडलेले पातेले रुप्यासारखे उजळे.

त्यामागचे विज्ञान पुढे समजले. पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. चिंच, ताक यांतील आम्लाने त्यातील तांबे विरघळते आणि अन्न कळकते. नवसागर धातूवरील ऑक्साइडचा थर काढतो. २३२ अंश सेल्सिअसला वितळणारे कथील त्या स्वच्छ पृष्ठभागाला धरते व अन्नाला तांब्यापासून दूर ठेवते. पण हा थर घासण्याने झिजतो, म्हणून कल्हई पुनःपुन्हा करावी लागते.

इतिहासात एम. ए. करताना भांड्यांची दुसरी कथा वाचली. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडालांच्या वाट्याला फुटकी भांडी आणि लोखंडी अलंकार दिले. अहमदाबाद जिल्ह्यातील झनू गावी नोव्हेंबर १९३५ मध्ये अस्पृश्य स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या, म्हणून त्यांना मारहाण झाली. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये ही घटना नोंदवली आहे.

ते पान वाचताना माझी आजी आठवली. मजुरीच्या पैशातून घेतलेला तांब्याचा हंडा ती रोज सकाळी उंबऱ्याबाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत, चिंच लावून घासत असे. मी विचारी, "आजी, घरात का नाही घासत?" ती म्हणे, "दिसू दे की लेकरा!" त्या 'दिसू दे'चा अर्थ मला तेव्हा, वाचनालयात, कळला.

आज शाळेत स्टीलची पातेली आहेत. स्टीलमधील क्रोमियम हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून अतिशय पातळ संरक्षक थर धरते; ओरखडा पडला तरी तो थर आपोआप पुन्हा धरतो. बिडकीनभोवती ऑरिकचे औद्योगिक क्षेत्र उभे राहत असताना आपल्या मुलांना हे धातुशास्त्र यायलाच हवे.

परंतु मिळवलेले हक्क स्टीलसारखे स्वतःला जपत नाहीत. ते पितळेच्या पातेल्यासारखे आहेत. वापरले पाहिजेत, आणि दर पिढीने त्यांना कल्हई केली पाहिजे. माजी विद्यार्थ्यांना एकच विनंती : शाळेत याल तेव्हा मुलांना आपल्या आजीच्या हंड्याची गोष्ट सांगा.

जयभीम!