शिसपेन्सिलीची परीक्षा

मोटार खोकू लागली की तिला औषध सांगणारे फार! आमचे वडनेर भोलजी मुंबई-नागपूर हमरस्त्यावर वसलेले. चहाच्या टपरीवरचा प्रत्येक जण नुसत्या आवाजावरून गाडीची नाडी ओळखतो, निदान तसे सांगतो तरी. शेजारच्या काकाजींची अँबॅसिडर ‘मिसिंग’ मारू लागली तेव्हा तिलाही वैद्यांची वाण पडली नाही. कुणी कार्ब्युरेटर धुवायला सांगितले, कुणाला पेट्रोलमध्ये पाणी दिसले, आणि दोन गावच्या कारागिरांनी तर इंजिनच उतरवा म्हणून सांगितले.

गाडी १९५८ सालची, काकाजींच्या वडिलांनी घेतलेली. काकू नवरी होऊन ह्याच गाडीतून घरी आल्या. अगदी पहिल्या अँबॅसिडरांना १४७६ सी.सी.चे, बाजूला व्हॉल्व असलेले इंजिन असे. १९५९ पासून १४८९ सी.सी.चे, डोक्यावर व्हॉल्व असलेले आले. काकाजींच्या गाडीचे मूळ इंजिन थकले आणि त्याचे भाग मिळेनात, तेव्हा भंगारात निघालेल्या एका पुढच्या काळातल्या अँबॅसिडरचे पेट्रोल इंजिन आणून तिच्या छातीत बसवले. वाडा जुना, बिऱ्हाड नवे!

गावात गाडी शहाण्या मुलीसारखी चाले. मोताळा सोडून राजूरचा घाट लागला, की मात्र ठसके देत अडे. पुण्याच्या मुलाने निकाल दिला होता: इंजिन उतरवण्याच्या खर्चात गाडीची किंमतही निघणार नाही, दिवाळी झाली की भंगारवाला येईल. काकू काही बोलल्या नाहीत. फक्त वसुबारसेला गाडीपुढे रांगोळी जरा मोठी निघाली.

त्याच दिवशी नांदुऱ्याहून एक म्हातारे मिस्त्री आले. आल्याबरोबर पाना हातात घेतला नाही, हेच मला आवडले. गाडी चालू ठेवून त्यांनी प्लगची एकेक वायर काढून पाहिली. प्रत्येक वेळी इंजिन सारखेच लंगडले. म्हणजे दुखणे एका सिलिंडरचे नव्हते, चौघांच्या सामाईक घरातले होते. मग डेल्कोचे झाकण उघडले. तडा नाही, रोटर ठीक, वायरी एक-तीन-चार-दोन ह्या क्रमाने बरोबर. प्लॅटिनम पॉइंटमधली फट पंधरा हजारांश इंच, जशी हवी तशी. कंडेन्सर बदलून पाहिला, फरक नाही.

मिस्त्री माझ्याकडे वळले. “गुरुजी, खिशात शिसपेन्सिल हाय काय?”

शाळामास्तराच्या खिशात दुसरे असते तरी काय! एका बाजूनेच टोक काढलेली ती पेन्सिल लाकडाला धरून त्यांनी तिचे शिसे वायर आणि प्लग यांच्या मधोमध धरले. ठिणगी उडाली, आणि तिला पिसारा फुटला तो वायरच्या बाजूला.

“पाह्यलं? हा पिसारा पलगाकडं फुटाले पाह्यजे. इंजिनाले काई झालं नाही, काकाजी. करंट उलटा चाल्ला हाय.”

प्लगचा मधला दांडा सर्वांत तापतो; तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. म्हणून ऋण टोक तेथे हवे. ते उलटे झाले, तर थंड टोकावरून ठिणगी उडवायला दाब पुष्कळ जास्त लागतो. सपाटीवर कॉइल तेवढा पुरवते. घाटात पाय दाबला की सिलिंडरात मिश्रण दाट कोंबले जाते, ठिणगीची उडी अवघड होते आणि चुकते. विज्ञानाशी माझी सोबत शालान्त परीक्षेपर्यंतचीच. पण हे मला त्या बॉनेटवर वाकून समजले तसे वर्गात कधी समजले नव्हते.

उलटे झाले कसे? त्या काळच्या ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांप्रमाणे काकाजींच्या गाडीत बॅटरीचे धन टोक अंगाला जोडलेले. जुना डायनॅमो तसाच. कॉइल मात्र नव्या इंजिनाबरोबर आलेली, ऋण टोक अंगाला असलेल्या गाडीतली. बसवणाऱ्याने तिच्या खुणा तिच्या माहेरच्या रीतीने जोडल्या. मिस्त्रींनी दोन नट सैल केले, दोन बारीक वायरींची अदलाबदल केली, आणि जाता जाता प्लगांची वाढलेली फट पंचवीस हजारांशांवर आणली. पेन्सिल परत देताना टोकही करून दिले.

धनत्रयोदशीला आम्ही राजूरचा घाट चढलो. काकाजी स्टिअरिंगवर, काकू मागे फराळाचा डबा मांडीवर घेऊन. तिसऱ्या वळणाशी सवयीने तिघांनीही श्वास रोखला. गाडी गुणगुणत वर गेली.

बुलढाण्यात पोचतो तोच मुलाचा फोन आला. भंगारवाल्याला कोणता दिवस देऊ, म्हणून विचारत होता. काकाजी चाचरले. काकूंनीच फोन हातातून घेतला.

“त्याले कायले बोलावतं? तू येशील तवा चार टायरं घेऊन ये.”