गिरगटलेला वेताळ

नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. या महिन्यात आमच्या धर्मग्रामातील कुटुंबे आपापल्या मृतांची छायाचित्रे आणून वेदीजवळच्या मेजावर ठेवतात. काही चौकटीतली, हार घातलेली. काही अलीकडे मोबाइलवरून मोठी करून घेतलेली. मागील वर्षी धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका मुलीने आम्हांला विचारले, "फादर, तुमच्या घरचं कोणीच नाही का यात?" आम्ही हसून वेळ मारून नेली. आईवडिलांची छायाचित्रे आमच्यापाशी आहेत. धाकट्या भावाचे नाही.

म्हणजे, एक आहे. मावशीच्या लग्नात मामांनी आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याने काढलेले. एका रोलमध्ये बारा छायाचित्रे निघत, आणि बारा म्हणजे बाराच. वधूवर, व्याही आणि वाजंत्री आटोपल्यावर एखादे मुलांच्या वाट्याला येई. अशा साध्या कॅमेऱ्यापुढे जो हलला तो पुसला गेला. आम्ही शिस्तीत उभे आहोत. आमच्या शेजारी पांढऱ्या सदऱ्यावर एक धुरकट डाग आहे. तो आमचा भाऊ.

वडील फुलांच्या करंड्या घेऊन वसईहून दादरच्या बाजारात जात. परतताना कधीमधी पदपथावरून जुने 'इंद्रजाल कॉमिक्स' आणीत. टाइम्स ऑफ इंडिया समूहाची ही मालिका १९६४ साली निघाली आणि १९९० साली बंद पडली. ली फॉक यांचा 'फँटम' तीत मराठी बोलू लागला तो 'वेताळ' या नावाने. ख्रिस्ती घरात वेताळ! आजीने पहिल्याच अंकावर पवित्र पाणी शिंपडले. वेताळाला त्याचे काही झाले नाही. मुखपृष्ठ मात्र फुगले.

आम्हांला भुरळ पडली होती ती कवटीच्या गुहेची. बाप मेला की मुलगा शपथ घेऊन तोच पोशाख चढवतो. जंगलातील लोकांना वाटते, हा तोच, शेकडो वर्षांचा, अमर. प्रत्येक जण आपली हकीगत वहीत लिहून ठेवतो, आणि त्या वह्या गुहेत ओळीने मांडलेल्या असतात. पुढे सेमिनरीत प्रेषितीय परंपरेवरील व्याख्यान ऐकताना आम्हांला हीच गुहा आठवली होती. प्राध्यापकांना ते सांगण्याचे धैर्य झाले नाही.

१९८० चा पावसाळा. आम्ही दहा वर्षांचे, भाऊ सहा. आमच्या सर्वांत आवडत्या अंकात त्याने वेताळाला निळ्या पेनाने मिशा काढल्या, चष्मा घातला आणि खाली वाकड्यातिकड्या अक्षरांत स्वतःचे नाव लिहिले. आम्ही त्याला मारले. थोडेथोडके नव्हे, त्याचा ओठ फुटला. रडत रडत तो म्हणत होता, "पण पुढचा वेताळ मीच आहे ना!"

तीन आठवड्यांनी तो तापाने गेला. अंत्यविधीला छायाचित्रकार बोलावण्याची आमच्याकडे रीत होती. त्या दिवशी रस्त्यावर गुडघाभर पाणी होते, कोणी आले नाही.

त्या माराची कबुली आम्ही अनेकदा दिली, पापक्षमाही मिळाली. त्याची स्वतःची क्षमा मात्र मागायची राहून गेली.

तो अंक रद्दीत गेला असेच आम्ही धरून चाललो होतो. २०१५ साली आई वारली. तिच्या पत्र्याच्या पेटीत बाप्तिस्म्याच्या दाखल्यांखाली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला तो सापडला. पिना गंजलेल्या, पाने पिवळी. आई जेमतेम दुसरी शिकलेली. वेताळाशी तिचे काही देणेघेणे नव्हते. आमचे एक जुने सहाध्यायी असे अंक जमवतात. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि हळहळले, "चांगली किंमत आली असती हो. कोणी गिरगटून ठेवला नसता तर!"

यंदा २ नोव्हेंबरला आम्ही तो अंक मेजावर ठेवला, ते पान उघडून. शेजारी एका आजोबांचे फेट्यातले छायाचित्र होते, पलीकडे एक तरुण मुलगी. कोणी काही विचारले नाही.

मिस्सा संपल्यावर मेणबत्त्या विझवायला गेलेला वेदीसेवक बराच वेळ परतला नाही, म्हणून आम्ही डोकावलो. दोन मेणबत्त्या तशाच जळत होत्या. मेजावर कोपरे टेकून, पान उलटून, तो पुढची गोष्ट वाचीत होता. आम्ही दारातच थांबलो.