अर्धा ओहम

चेंबूरच्या टिळकनगरात आमचे घर दीड खोलीचे. गच्चीवर गेले की १९५६ साली सुरू झालेल्या ट्रॉम्बेच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसत. वीज शेजारीच तयार होते म्हणून की काय, घरात तिचा विचार कुणी फारसा करीत नसे.

आई मात्र अंघोळीचे पाणी विजेच्या शेगडीवर ठेवताना रोज म्हणे, "जळका वास येतोय." आम्ही 'असेल' म्हणून सोडून देत असू. मी दहावीत होतो. ओहमचा नियम नुकताच पाठ झाला होता, त्यामुळे सर्वांत बेफिकीर मीच.

एका रविवारी बाबांनी कामावरून मीटर आणला. शेगडी चालू असताना फळीमागच्या तारांवर २३० व्होल्ट भरले, शेगडीच्या टोकांशी २२६. धारा साडेआठ अँपिअर. एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी मला हिशेब मांडायला लावला. विभवांतराला धारेने भागले की रोध, गुणले की शक्ती. शेगडीचा रोध साडेसव्वीस ओहमच्या आसपास, शक्ती १९२१ वॅट. मधल्या मध्ये गळालेले चार व्होल्ट उरले. वायर थंडगार होती, म्हणजे ते बहुतेक सारे सॉकेटातच खर्च होत होते. चार भागिले साडेआठ, जेमतेम अर्धा ओहम.

"अर्धा ओहम म्हणजे काहीच नाही," मी म्हणालो.

"आता गुणून बघ."

चौतीस वॅट. बाबांचे सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटचे होते, आणि त्याने कथील पाण्यासारखे वितळताना मी पाहिले होते. त्याहून अधिक उष्णता सुपारीएवढ्या जागी, आईच्या बोटांपासून दोन अंगुळांवर, रोज सकाळी अर्धा तास साठत होती.

तरी मी वाद घातला. पुस्तकाप्रमाणे रोध कमी तर धारा जास्त, म्हणून उष्णता जास्त. मग सैल सांध्याचा रोध वाढल्यावर तो तापेल कसा? बाबा म्हणाले, "त्या नियमात व्होल्टेज कायम धरलंय. इथे सांधा शेगडीच्या रांगेत आहे. धारा किती जायची ते शेगडी ठरवते, सांधा नाही. धारा तीच राहिली, तर जिथे रोध जास्त तिथे ताप जास्त."

काय कायम धरले आहे हे न सांगता केलेले विधान अर्धवट असते, हे मी पुढे साहित्याच्या वर्गात अनेकदा बोललो, बहुधा ओहमचे नाव न घेता. हा जॉर्ज ओहम स्वतः कोलोनच्या शाळेत शिकवीत असे. १८२७ साली ग्रंथ लिहिला तेव्हा मायदेशी त्याचे फारसे स्वागत झाले नाही; लंडनच्या रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक मिळायला १८४१ उजाडले. आईच्या बोलण्यालाही आकड्यांचा आधार मिळेपर्यंत आम्ही थांबलोच होतो. आणि ती तर रोज सांगत होती.

सॉकेट उघडले तेव्हा आतले पितळ काळे पडले होते, बॅकेलाइटला तडा गेला होता. बाबांनी त्याच दुपारी सोळा अँपिअरचे नवे बसवले. पाणी पूर्वीइतक्याच वेळात तापू लागले, वास गेला. आई मात्र पुढे कित्येक महिने हाताला पदर गुंडाळूनच प्लग काढीत असे.