हिरड्याखालचं गाव

ऐंशीच्या दशकात घोटीहून सुटलेली एसटी शेंडीला, भंडारदरा धरणाच्या पायथ्याशी सोडायची. पुढे रतनवाडी, साम्रद, घाटघर सगळं पायी. मुक्काम महादेव कोळ्यांच्या एखाद्या घरात, ओटीवर घोंगडी अंथरून. समोर नाचणीची भाकरी, वरईचा भात आणि आमटी यायची. पैसे पुढे केले तर घरचे मामा नाराज व्हायचे. पाहुणा हा त्यांच्या मिळकतीचा भाग नव्हता.

मिळकत होती ती बाळहिरड्याची. चैत्र-वैशाखात आत कोय धरण्याआधीचं कोवळं फळ उतरवायचं. बाप्ये झाडावर चढून फांद्या हलवायचे, बाया-पोरं खाली वेचायची. अंगणं, खळी, कातळ, जिथं ऊन लागेल तिथं हिरडा वाळत पडलेला असे. वाळून काळा झाला की औषधासाठी विकला जायचा आणि त्या पैशात पावसाळ्याची बेगमी व्हायची. मीठ, तेल, मिरची, कपडा सगळं त्यातूनच. खाचरात भात होई, पण हातात रोकडा देई तो हिरडा. म्हणून राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपाची जमीन भाजायला, ऐनाच्या फांद्या उतरवणारा कोयता हिरड्याला हात लावत नसे. हे झाड राखायला कुणाचा पहारा लागत नव्हता.

1986 मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झालं. जंगलाला संरक्षण हवंच होतं. पण त्या रेषेच्या आत आधीपासून गावं होती, खाचरं होती, देवराया होत्या. 14 फेब्रुवारी 2000 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अभयारण्यांतून गवत आणि वाळलेली झाडंसुद्धा काढायला मनाई केली, तेव्हा देशभरच्या अशा गावांपुढे एकच प्रश्न उभा राहिला: आजोबांनी राखलेल्या झाडाचं फळ उतरवणं हा आता गुन्हा का? उत्तर 2006 च्या वनहक्क कायद्याने दिलं. गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क त्याने मान्य केला, तोही अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानं धरून. त्याबरोबरच जंगल राखण्याचा हक्क आणि जबाबदारीही गावाला दिली. मला या कायद्यातली ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोलाची वाटते.

आज भंडारदऱ्याच्या त्याच रस्त्यावर वेगळा हंगाम असतो. मे सरता सरता, पहिल्या सरींच्या आगेमागे, काजवे येतात आणि मुंबई-पुणे-नाशिकच्या गाड्यांची रांग लागते. काजवे तेव्हाही होते. अंधारात अख्खं झाड एका लयीत उजळायचं आणि विझायचं, आम्ही ओटीवरून पाहत बसायचो. हे काजवे ज्या झाडांवर गर्दी करतात त्यांत सादडा आहे, बेहडा आहे आणि हिरडाही आहे. ज्या झाडाचं फळ गावाला जगवत होतं, त्याच्यावरचा उजेड आता गावाच्या घरात पैसा आणतो.

बदल चांगला आहे, हे मनापासून म्हणतो. ओटीवर झोपणाऱ्या आमच्यासारख्यांना तो काळ रम्य वाटतो. पण त्याच घरातली माणसं भात काढून झालं की मजुरीसाठी नारायणगावकडे जात होती, हेही आम्ही पाहिलं होतं. आज तिथली तरुण पोरं वाटाडे आहेत, तंबू लावतात, घरच्या काळभाताचं जेवण वाढतात. ही गावं ज्या अकोले तालुक्यात येतात, त्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. डोंगरातली बाई जे सांभाळते त्याची किंमत देशाला कळली.

काळजी वाटते ती गर्दीच्या बेशिस्तीची. काजव्याची अळी कित्येक महिने ओल्या मातीत, पाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढते; प्रौढ काजव्याला मोजके आठवडे मिळतात. तेवढ्यात नर-मादीने एकमेकांना उजेडाच्या खुणेने शोधायचं असतं. गाडीचे दिवे आणि मोबाइलच्या बॅटऱ्या ती खूण बुजवतात. झाडाखाली तुडवलेल्या गवतात माद्या चिरडतात, पुढच्या सालचे काजवेही तिथेच संपतात. बाळहिरडा उतरवणारा माणूस फांदी मोडू देत नसे, कारण पुढच्या वर्षी त्याच फांदीकडे त्याला यायचं होतं. एका रात्रीच्या पाहुण्याला असं बंधन नसतं.

म्हणून बंधन घालण्याचा अधिकार गावाकडे हवा. एका रात्री किती गाड्या सोडायच्या, त्या गावाबाहेर कुठे थांबवायच्या, कोणत्या झाडांजवळ कुणीच जायचं नाही, हे ग्रामसभेने वनखात्याबरोबर बसून ठरवावं. प्रवेशशुल्कातला ठरलेला वाटा गावाला वेळेवर मिळावा आणि त्याचा हिशेब चावडीवर वाचला जावा. तंबूंचा धंदा बाहेरच्या भांडवलाच्या हाती जाऊ नये. आणि काजव्यांच्या भरात हिरड्याला विसरू नये, त्याची रास्त भावाने खरेदी दर हंगामात झालीच पाहिजे. पर्यटनाचा एखादा हंगाम बुडाला तरी झाड उभं ठेवण्याचं कारण घराघरात उरलं पाहिजे.

जुनी निवांत रात्र मलाही हवीशी वाटते. पण त्याहून जास्त हवं आहे ते हे, की त्या ओटीवरच्या नातवंडांना मजुरीसाठी घाट उतरावा लागू नये, आणि आपल्या डोंगराचे नियम लिहिताना त्यांची सही पहिली असावी.