रेड डेडचं जंगल आणि आमचं

‘रेड डेड रिडेम्प्शन २’ हा गेम कॉम्प्युटरवर आला २०१९च्या नोव्हेंबरात. त्याला जागा लागते दीडशे जीबी. मी तो बऱ्याच उशिरा, एका मे महिन्यात उतरवून घेतला. बाहेर चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशीच्या वर, आत कुलरची घरघर, आणि पडद्यावर गेमचा नायक आर्थर मॉर्गन बर्फातून वाट काढतोय. हा सुरुवातीचा भाग बऱ्याच जणांना रटाळ वाटतो. मला गारव्यापुरता तरी आवडला.

गोष्ट १८९९च्या अमेरिकेतली. डच नावाच्या म्होरक्याची लुटारू टोळी पळतेय, आर्थर त्यातलाच; मागावर पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर संस्थेची माणसं. पण मी रमलो ते जंगलात. मारलेलं हरीण तसंच टाकलं तर सडतं. सशावर मोठी बंदूक झाडली तर कातडं वाया. चंद्रपूरजवळच्या जुनोन्याच्या बाजूला लहानपण गेलेल्या माणसालाही हे पटतं. माग काढणं मात्र फारच सोपं करून ठेवलंय. बटण दाबलं की चकाकणारी रेघच दिसते. आमच्याकडे वाघ आधी कानाला कळतो. झाडावरून वानर खाकरतं, चितळ ओरडतं, मग सगळे गप्प होऊन त्या दिशेला बघतात. गेममध्ये कूगर, म्हणजे तिथला बिबट्यासारखा प्राणी, येतो तो थेट अंगावर. घोडा तेवढा आधी बिचकतो, हे कबूल.

खरी चिडचिड मोहिमांची. एरवी हवं तिकडे भटका, पण मोहीम लागली की नकाशावरची वाट सोडायची सोय नाही. डचला मागे टाकून जरा आडवाटेनं गेलो की मोहीम फसली, करा पुन्हा. एवढं मोठं रान उभं करायचं आणि खेळणाऱ्याला दावं बांधायचं, हे काही मला झेपलं नाही.

सिंदेवाहीकडचा भाचा सुट्टीत आला होता. त्याची आई पहाटे मोहफुलं वेचायला जाते. वाकून वेचणाऱ्यांवर वाघानं झडप घातल्याच्या बातम्या आमच्याकडे दर उन्हाळ्यात असतात. तो बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, “मामा, या जंगलात सारे मारालेच येतात का? वेचाले कोणीच नाही?”

आर्थर झाडपाला तोडतो, नाही असं नाही. पण जंगलावर जगणारी माणसं भेटतात ती फार उशिरा. वापिटी या मूलनिवासी लोकांच्या वस्तीचा प्रमुख रेन्स फॉल आर्थरला डोंगरात नेतो, वाटेत एक औषधी वनस्पती ओळखायला शिकवतो. त्यांच्या जमिनीखाली तेल आहे, म्हणून त्यांना उठवायचं चाललंय. गडचिरोलीतल्या सूरजागडच्या लोहखाणीला ग्रामसभांनी केलेला विरोध ज्यानं जवळून पाहिलाय, त्याला हा भाग परका वाटणार नाही. पण लगेच गोळीबार, धूर, पुढची मोहीम. याच गेमच्या शेवटाकडे टोळीतलाच जॉन मार्स्टन गोठ्यातलं शेण काढतो, कुंपण ठोकतो, आणि ते कसं सावकाश दाखवलंय! त्यातला थोडा वेळ रेन्स फॉलच्या वाट्याला यायला हवा होता.