रेषेबाहेरचे खेळाडू

धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे 2023 पर्यंतच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, खो-खो माहीत नाही असे गाव शोधून सापडायचे नाही. दोन खांब रोवले आणि चुन्याच्या रेषा आखल्या की मैदान तयार होते. बॅट नको, चेंडू नको. 1914 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाचे नियम बांधले; पण खेळ त्याआधीपासून लोकांचाच होता.

पाहणाऱ्याला हा खेळ सोपा वाटतो. प्रत्यक्षात तो फार कडक शिस्तीचा आहे. दोन खांबांच्या मध्ये आठ खेळाडू ओळीने बसतात. एकाचे तोंड एका बाजूला, तर शेजारच्याचे दुसऱ्या बाजूला. नववा पाठलाग करतो. त्याला उलटे फिरता येत नाही, बसलेल्यांच्या मधून रेषा ओलांडता येत नाही. पलीकडच्या गड्याला पकडायचे असेल, तर बसलेल्या साथीदाराच्या पाठीला हात लावून मोठ्याने ‘खो’ म्हणायचे. खो मिळण्याआधी बसलेल्याने उठायचे नाही. म्हणून या खेळात पायांइतकेच कानही महत्त्वाचे असतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या मुलींना घेऊन मी तालुक्याच्या स्पर्धेला गेले होते. ऑगस्टचा महिना होता. रात्री पाऊस पडून गेला होता आणि काळी माती पायांना चिकटत होती. आमच्या मुली नवख्या होत्या. समोरचा संघही तसाच नवखा. दोन मिनिटांत पंचांची शिट्टी इतक्या वेळा वाजली की खेळ कमी आणि शिट्टीच जास्त ऐकू येऊ लागली. कोणी हात न लावताच खो देत होते, कोणी उलटे फिरत होते. पळणारी एक मुलगी तर घसरून पाठलाग करणारीच्याच पायाशी पडली आणि बाद झाली!

रेषेबाहेर मोठी गर्दी होती. तिच्यात तऱ्हेतऱ्हेचे लोक होते. काही जण जन्मभर खो-खो शिकवल्यासारखे ओरडून सूचना देत होते. काहींच्या मते सारा दोष पंचांचा होता. काही नुसते हसत होते. थोडे लोक मात्र गप्प उभे राहून पाहत होते.

त्या गप्प उभे राहणाऱ्यांत आमच्या नववीतील एका मुलीचे वडील होते. ते हातगाडीवर फळे विकतात. मुलीने बाहेरगावी जाऊन खेळावे की नाही, याचा निर्णय त्यांनी राखून ठेवला होता. “आधी मी एक सामना बघतो, मग सांगतो,” एवढेच ते मला म्हणाले होते. त्यामुळे त्या दिवशी सामन्यापेक्षा माझे लक्ष त्यांच्याकडेच अधिक होते.

नेमकी तीच मुलगी घाईने खो मिळण्याआधी उठली. शिट्टी वाजली. लोक हसले. मग रेषेवर बसलेल्या चार-पाच मुलांना गंमत सुचली. पाठलाग करणारी तिच्याजवळ आली की ती मुले मागून ‘खो!’ म्हणून ओरडत. ती फसून उठे, पुन्हा शिट्टी वाजे आणि पुन्हा हशा पिके. असे तीनदा झाले. त्यानंतर ती इतकी घाबरली की खरा खो मिळाला तरी जागची हलेना.

मी पंचांकडे जायला निघाले, तोच डोक्याला फेटा बांधलेले एक म्हातारे गृहस्थ पुढे झाले. ते समोरच्या संघाच्या गावचे होते. ते त्या मुलांना म्हणाले, “पोरांनो, ती लेकरं चुकत नाहीत, तुम्ही त्यांना चुकवताय. आपल्या गावाला असला विजय नको. टाळ्या वाजवा, नाहीतर घरी जा.” मुले ओशाळली. मैदान थोडे शांत झाले.

दुसऱ्या डावात त्या मुलीने खो नीट ऐकला, झेप घेतली आणि एक गडी बाद केला. सर्वांत आधी टाळी वाजवली ती त्या म्हाताऱ्या आजोबांनीच. तरीही सामना आम्ही आठ गुणांनी हरलो.

सामना संपल्यावर तिचे वडील माझ्याकडे आले. आता ते नाही म्हणणार, असे मला वाटले. ते म्हणाले, “आपा, इसको बूट होना. पाँव फिसलताय.” हिला बूट हवेत, पाय घसरतो! एवढा गोंगाट चालला होता, पण या माणसाची नजर मुलीच्या पायांवर होती. हसणारे शंभर जण आणि पाहणारा एक, यांच्यातला फरक मला तेव्हा नीट समजला.

आपल्याच जिल्ह्याच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली 2016 मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिला संघाने खो-खोचे सुवर्णपदक जिंकले. 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. दिल्लीच्या नसरीन शेख यांना 2023 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी 2025 मध्ये पहिला खो-खो विश्वचषक भारतीय महिलांनी जिंकला, त्या संघातही त्या होत्या. पहिल्याच दिवशी कोणीही असा खेळत नाही. आधी चिखलात घसरावे लागते, शिट्ट्या ऐकाव्या लागतात. त्या दिवसांत रेषेबाहेरचे लोक कसे वागतात, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

चुकीला चूक म्हणू नये, असे मी म्हणत नाही. चूक दाखवण्यासाठी पंच आहेत, शिक्षक आहेत. प्रेक्षकाचे काम वेगळे आहे. आपण मराठीत ‘शाबास’ म्हणतो आणि उर्दूत ‘शाबाश’. दोन्हींचे मूळ फारसीतील ‘शाद बाश’ या शब्दांत आहे. त्याचा अर्थ आनंदी राहा. म्हणजे ही नुसती वाहवा नव्हे, दुआ आहे. ती जिंकणाऱ्याला तर द्यावीच, पण घसरून पुन्हा उठणाऱ्याला आधी द्यावी.