मोजणीबाहेरची माणसं

पायलट चाचणीत ज्यांनी उत्तरं दिली, त्यांना मुख्य अभ्यासात घ्यायचं नाही, हे मी नर्सिंगच्या विद्यार्थिनींना दरवर्षी शिकवते. प्रश्न आधी ऐकलेल्या माणसाचं उत्तर बदलू शकतं. नियम रास्तच आहे. पण त्यामुळे माझ्यावर ज्यांचं सर्वांत मोठं ऋण, त्यांचं एकही उत्तर प्रबंधाच्या तक्त्यांत नाही. आणि गोपनीयता पाळायची म्हणून ऋणनिर्देशात नावही नाही.

आदिवासी वाड्यांवर पोस्टिंगला जाणाऱ्या मुली तिथली रीतभात जाणून शुश्रूषा करायला कितपत शिकतात, हा माझा विषय. या विचाराचा पाया मॅडेलिन लायनिंगर यांनी घातला. त्या स्वतः नर्स, न्यू गिनीत गॅडसप लोकांमध्ये राहून अभ्यास केलेल्या. मोजपट्ट्या मात्र अमेरिकेतल्या वर्गांत घडलेल्या. त्या इथे लागू पडतात का, हे बघायला मी पायलटसाठी कर्जतमध्ये कशेळ्याकडच्या आणि खालापुरात चौककडच्या वाड्यांवर गेले. उपकेंद्राच्या सिस्टर सोबत होत्या, म्हणून लोकांनी ओट्यावर बसू दिलं.

प्रश्नावली फक्त मुलींसाठी होती. सिस्टर म्हणाल्या, "मुली स्वतःबद्दल चांगलंच लिहिणार, मॅडम. त्या ज्यांच्या घरी गेल्या, त्यांना विचारा ना."

म्हणून विचारलं. लिकर्ट यांनी 1932 मध्ये मांडलेली, आज जगभर वापरात असलेली पाच पायऱ्यांची पट्टी एका कातकरी आजींना वाचून दाखवली. त्यांनी नातवाकडून पाच चिंचोके मागवले आणि एकेका मुलीचा हिशेब मांडायला घेतला. चपला घालून बाळंतिणीपाशी आली, एक उचलला. बाळ घेण्याआधी विचारलं, एक परत ठेवला. पट्टीतून नुसता आकडा हाती येतो. आजींनी प्रत्येक आकड्यामागचं कारणही दिलं. पुढे सगळा अभ्यास मी चिंचोक्यांवरच केला.

ठाकूरवाडीतल्या बायकांनी 'आदिवासी' हा एकच रकाना मोडायला लावला. त्यांची भातशेती आहे. कातकरी बहुतेक भूमिहीन, दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर निघून जातात. जानेवारीत जाणाऱ्याला अर्धी वाडी बंद दिसते. त्यामुळे मुख्य पाहणी आम्ही लावणी आटोपल्यावर, दिवाळीच्या आत केली.

आजी आता नाहीत. सिस्टर निवृत्त होऊन खोपोलीत राहतात. नव्या प्रश्नावलीचा मसुदा मी अजूनही आधी त्यांच्याकडे नेते. गेल्या खेपेला त्यांनी पाळणा लांबवण्याबद्दलचा प्रश्न खोडला आणि शेजारी लिहिलं : सासूसमोर नको, पाणवठ्यावर विचारा.